उजेडी उतरायचं

मंडळी, आमंत्रण द्यायला आलेल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "प्रवासवर्णन नको हं, तयारीवर बोला." मला हायसं वाटलं. दुसऱ्याने पाहिलेल्या देवळांचं वर्णन ऐकायला कुणालाच आवडत नाही. वेळापत्रकाचा विषय निघाला की मात्र दर माणसाकडे सांगायला एक गाडी असते.

तर थोडक्यात हकिगत अशी. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आता वय त्रेसष्ट. फेब्रुवारीच्या मध्याला निघून द्वारकेहून दिब्रुगडला गेले, रेल्वेने, मध्ये उतरत उतरत, सव्वीस दिवसांत. एकटी. "एकटी?" हा प्रश्न शेजारच्या वहिनींपासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत सगळ्यांनी विचारला. मैत्रिणींच्या गुडघ्यांची ऑपरेशनं उरकेपर्यंत थांबले असते तर माझ्याच गुडघ्यांची पाळी आली असती. (हशा)

दुसरा हमखास प्रश्न: विवेक एक्सप्रेसने का गेला नाहीत? कन्याकुमारी ते दिब्रुगड, चार हजार किलोमीटरच्या वर, आपल्याकडचा सगळ्यात लांबचा रेल्वेप्रवास. खरं आहे. पण सुमारे पंचाहत्तर तास एकाच बर्थवर काढायचे म्हणजे दवाखान्यात भरती झाल्यासारखं. फरक इतकाच की भेटायला कुणी येत नाही. आणि ती गाडी दिब्रुगडला पोहोचते रात्री. तिथेच माझ्या लेखी ती बाद झाली.

कारण माझा नियम एकच आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्याच्याच भोवती आहे. अनोळखी गावात उजेडी उतरायचं. लोक गाडी निवडताना ती कधी सुटते ते बघतात. "रात्री जेवून बसायचं, छान झोप लागते." मी सुटायची वेळ शेवटी बघते, आधी पोहोचायची वेळ बघते. सुटताना आपण आपल्या गावात असतो, सोडायला कुणीतरी आलेलं असतं, रिक्षावाला ओळखीचा असतो. खरी एकटी मी उतरल्यावर होते. हातात बॅग, तोंडात परकी भाषा, समोर दहा माणसं "कहाँ जाना है" म्हणून घेरणारी. ऊन असेल तर ती दहा माणसं साधी असतात. अंधारात तीच माणसं वेगळी दिसतात, त्यांचा काही दोष नसतो.

आता उजेडी म्हणजे किती वाजता? इथे माझं भूगोलाचं घोडं गंगेत न्हालं. मुलांना मी वर्षानुवर्षं घोकून घेतलं: भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरून, मिर्झापूरजवळून. एका अंशाला चार मिनिटं. दोन मार्कांचा प्रश्न. द्वारका जवळजवळ ६९ अंशांवर, दिब्रुगड जवळजवळ ९५ वर. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन्हींत पावणेदोन तासांचा फरक, आणि घड्याळ मात्र एकच. फेब्रुवारीत द्वारकेला सूर्य मावळायला पावणेसात वाजून जातात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिब्रुगडला सव्वापाचलाच मावळतो. तिथे डिसेंबरात तर साडेचारच्या आत. आपल्याला वाटतं, सहाला उतरतोय, अजून दिवस आहे. द्वारकेत आहे, दिब्रुगडमध्ये बाजार आवरायला लागलेला असतो.

म्हणून मी कार्डशीटवर तक्ता केला. स्टेशन, गाडीची वेळ, त्या तारखेचा तिथला सूर्योदय, सूर्यास्त, आणि शेवटचा महत्त्वाचा रकाना: "तीन तास लेट झाली तर?" हा रकाना भरायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षं रेल्वेने फिरूनही कधी सुचली नव्हती. दुपारी साडेतीनला पोहोचणारी गाडी कागदावर उत्तम दिसते. ती लेट झाली की अंधारात टाकते. पहाटे साडेचारची गाडी कागदावर भयंकर दिसते. ती लेट झाली की उजाडतं! लांबच्या गाडीचा उशीर आपल्या हातात नाही, पण तो कुठल्या बाजूला ढकलेल हे आपल्या हातात आहे. तेव्हापासून मी पहाटेच्या गाड्या शोधते. कुणाला पटत नाही. आमच्या सूनबाईंना अजून पटलेलं नाही.

गाडी किती लेट होते, हे वेळापत्रक सांगत नाही. ते शोधायला रेल्वेचं एनटीईएस नावाचं ॲप आहे. गाडी आत्ता कुठे आहे ते त्यात दिसतं. ठरवलेल्या प्रत्येक गाडीवर मी घरी बसून पंधरा दिवस नजर ठेवली. रात्रीचं जेवण झालं की पेन्सिल घेऊन बसायचं: आज चाळीस मिनिटं, आज दोन तास दहा, आज वेळेवर. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात धुकं असतं, तेव्हा हे आकडे बघवत नाहीत. फेब्रुवारीचा मध्य निवडला तो त्यासाठीच. आसामचा पाऊस सुरू व्हायचा असतो, उत्तरेतलं धुकं सरलेलं असतं. एवढ्यावरच थांबू नका, भिंतीवरचं कॅलेंडरही उतरवून घ्या. महाशिवरात्रीला उज्जैन आणि काशी नको, होळीच्या आठवड्यात बिहारकडे जाणारी गाडी नको.

तिकिटांचं सांगते. आता आरक्षण साठ दिवस आधी मिळतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी एकशेवीस होतं. पुष्कळजण हळहळतात, मला साठ बरे वाटतात. चार महिन्यांनी आपल्या घरात काय असेल हे माझ्या वयाच्या बाईला कुठे ठाऊक असतं? पण साठ दिवसांमुळे एक गंमत होते. लांबच्या प्रवासाची सगळी तिकिटं एका दिवशी काढता येत नाहीत. माझे नऊ टप्पे होते. पहिल्याचं आरक्षण १६ डिसेंबरला उघडलं, शेवटच्याचं ८ जानेवारीला. नऊ सकाळी, आठला खिडकी उघडते म्हणून साडेसातला रांगेत. शिवाय हे साठ दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेपासून मोजतात. आपल्या स्टेशनवर ती दुसऱ्या दिवशी येत असेल तर हिशेब एका दिवसाने सरकतो.

हो, मी खिडकीवरच काढते. त्याचं कारण सांगते. एका जंक्शनवरून माझी गाडी होती शून्य वाजून पस्तीस मिनिटांची. मी फॉर्मवर चोवीस तारीख लिहिली. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. "बाई, चोवीसच्या रात्री जाणार ना स्टेशनवर?" म्हटलं, हो, साडेअकराला. "मग गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल. पंचवीस लिहा." मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला खिडकीतल्या माणसाने शिकवलं. ॲपने निमूट चोवीसचं तिकीट दिलं असतं.

बर्थ. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना लोअर बर्थसाठी वेगळा कोटा असतो. एकट्या जाणार असाल तर तो जरूर मागा. वेटिंगच्या तिकिटावर लांबचा प्रवास आखू नका. आरएसी चालेल, पण साइड लोअरच्या अर्ध्या बाकावर रात्रभर अनोळखी माणसासमोर पाय दुमडून बसायची तयारी हवी. मी एकदा बसलेय. समोरचा मुलगा सैन्यात होता, सुट्टी संपवून चाललेला; त्याने बॅग उशाशी घेऊन मला पाय पसरायला जागा दिली आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला. दर वेळी असा मुलगा मिळेलच असं नाही.

सामान, औषधं, चार्जर यांवर मी बोलणार नाही. ते तुम्हाला कळतं.

पहाटे उतरायचं म्हटलं की पुढची अडचण येतेच: हॉटेलची खोली मिळते दुपारी बाराला. त्यावर दोन उपाय. एक, स्टेशनवरची रिटायरिंग रूम. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती आधी घेता येते आणि काही तासांपुरतीही मिळते. दुसरा उपाय, हॉटेलला फोन. ऑनलाइन बुकिंग झालं तरी मी फोन करतेच आणि एकच प्रश्न विचारते: पहाटे सहाला दार कोण उघडेल? नाव सांगितलं तर ठीक. "आइए ना मॅडम, कोई तो होगा" म्हणाले की मी दुसरं हॉटेल बघते.

घरच्यांसाठी त्याच तक्त्याची एक झेरॉक्स फ्रिजवर लावून गेले. मुलाला बजावलं, मला फोन करायचा नाही. मी उतरले की एका शब्दाचा मेसेज टाकेन. "उतरले." तीन तासांत आला नाही तर काळजी करायची, त्याआधी नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई फिरल्या की नाही? फिरले. पण बघितलं तेही सूर्यच. उज्जैनला लोक महाकालाच्या रांगेत होते, मी जंतरमंतरवर गेले. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात पाच वेधशाळा बांधल्या, त्यातली ही एक. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शून्य रेखांश उज्जैनवरूनच मोजत. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे सावलीचं घड्याळ; त्याच्या भिंतीची सावली संगमरवरी कडेवर पडते. सावली सरकताना दिसत नाही आणि तरीही सरकते. मी मनगटावरचं घड्याळ तिच्याशेजारी धरलं. चाळीस मिनिटांचा फरक! सत्तावीस मिनिटं रेखांशाची, उरलेली फेब्रुवारीतल्या सूर्याच्या चालीची. एक गाइड जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, आपकी घड़ी आगे है." त्याला काय सांगणार की इथली सगळीच घड्याळं पुढे आहेत.

मुंबईकरांनी हे सहजासहजी मानलं नव्हतं. १९०६ मध्ये सबंध देशाला एक वेळ ठरली, तरी "बॉम्बे टाइम" एकोणचाळीस मिनिटं मागे चालतच राहिला, थेट १९५५ पर्यंत. इथे ज्येष्ठ मंडळी बसली आहेत, त्यांना आठवत असेल. आम्ही मात्र ते हट्टी म्हणून हसण्यावारी नेतो.

मिर्झापूरला उतरण्याचं काही कारण नव्हतं. लोक तिथे विंध्यवासिनीसाठी येतात. मी उतरले त्या दोन मार्कांसाठी. सकाळी नऊला, लख्ख उन्हात. घाटाच्या पायऱ्यांवर बसून दुपारी छत्रीची काठी उभी धरली आणि सावली सगळ्यात आखूड होईपर्यंत थांबले. सव्वाबाराला झाली. देशाचं घड्याळ ज्या रेषेवर लावलंय तिथेही फेब्रुवारीत माध्यान्ह सव्वाबाराला! पुस्तकात हे नव्हतं, म्हणजे मीही शिकवलं नव्हतं. शेजारी कपडे धुणाऱ्या बाईने विचारलं, "कुछ गिर गया क्या?"

गुवाहाटीच्या पुढे तक्ता खऱ्या कसोटीला लागला. तिथे माझ्या हिशेबाने दोनच्या आत उतरणं भाग होतं. म्हणून तो शेवटचा पट्टा मी दोन दिवसांत तोडला, मध्ये मरियानीला उतरून जोरहाटला मुक्काम. चिडचिड झाली, एक दिवस फुकट गेला असं वाटलं. पण दिब्रुगडला पोहोचले तेव्हा सकाळचे दहा होते आणि ऊन डोक्यावर.

मुक्काम गावाबाहेर एका चहाच्या बागेत होता. दुसऱ्या दिवशी बोगीबीलचा पूल बघायचा होता, ब्रह्मपुत्रेवरचा, जवळजवळ पाच किलोमीटर लांब; वरून रस्ता, खालून रेल्वे. गाडीवाल्याला सांगितलं, सकाळी आठ. सकाळी सात वाजता, माझ्या तोंडात ब्रश, आणि दारात हॉर्न. मी बाहेर येऊन तसाच हात उडवला: काय हे, एक तास आधी? तो गोंधळला. "मॅडम, आठ तो बज गया." आणि त्याने व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. चहाच्या बागांमध्ये इंग्रजांच्या काळापासून "बागान टाइम" चालतो, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे. तिथे मजुरांची पाळी, भोंगा, जेवणाची सुट्टी, सगळं त्यावर. त्यांनी सूर्याप्रमाणे घड्याळ लावून घेतलंय आणि दिल्लीला विचारलेलं नाही.

सव्वीस दिवसांच्या तक्त्यात मी सूर्योदय घातला होता, सूर्यास्त घातला होता, उशीर घातला होता. कुणाचं घड्याळ, हे विचारायचं राहिलं होतं. तोंड धुऊन गाडीत बसले, चहा पेल्यातून हिंदकळत घेतला.

आता तो रकाना मी वाढवलाय. कोऱ्या तक्त्याच्या झेरॉक्स बाहेर चपलांच्या रॅकशेजारी टेबलावर ठेवल्या आहेत, दोन रुपये वाचनालयाच्या डब्यात टाका. आणि पावणेआठ झालेत. ज्यांना शेवटची एसटी धरायची आहे त्यांनी प्रश्नोत्तरांना थांबू नका.