भिंतीवरचा हात

(जुनं घर. स्वयंपाकघराकडून न्हाणीघराकडे जाणारी भिंत. कमरेच्या वर एक मळकट पट्टा.)

हा पट्टा मी वर्षभर दर रविवारी येऊन पुसत होते. माझी आई, वय ७८, न्हाणीघराकडे जाताना इथे हात टेकवत जाते. तिला आधार लागायला लागलाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

(पेटीत घडी घातलेली नऊवारी.)

नऊवारी सुटली ती याच सुमाराला. "उकडतं गं," म्हणून गाऊन आला. काष्टा खोचायला दोन्ही हात मागे न्यावे लागतात आणि तेवढा वेळ तोल सांभाळावा लागतो. मग भाकरी बंद झाली. "एकटीसाठी कशाला थापायच्या?" मग एसटी. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात २०२२पासून एसटी मोफत आहे. सुरुवातीला आई दर महिन्याला मावशीकडे जायची. आता म्हणते, गर्दी असते. गर्दी तेव्हाही होतीच. पण एसटीची पायरी उंच असते, ती चढायला मांड्यांत ताकद हवी.

तिचं प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, म्हणून आम्ही फसलो.

१९६९ साली अमेरिकेत लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी आठ कामं तपासायला सांगितली: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार. म्हातारपणी बहुधा ही आधी डळमळतात. अंघोळ, कपडे घालणं त्यानंतर. स्वतःच्या हातानं जेवणं तर सगळ्यात शेवटी सुटतं. आणि परगावाहून भाऊ रोज फोनवर विचारायचा, "आई, जेवलीस का?"

(गोळ्यांची पाकिटं. पासबुक.)

महिना संपला तरी रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या शिल्लक. पासबुक आठ महिने भरलेलं नाही.

डॉक्टरांनी तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगितलं. १२ किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका मानतात. आईला १७ लागले. मोतीबिंदूही निघाला, गोळ्यांची नावं तिला दिसतच नव्हती. कुणाच्या बाबतीत बी-१२ कमी निघतं, कुणाचं थायरॉइड, कुणाला झोपेची गोळी बाधते, कुणी मनानं खचलेलं असतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. "वय झालं" म्हणून सोडून दिलं, तर त्यांचा शोधच लागत नाही.

आणि माझी चूक. "तू बस, मी करते," म्हणत मी तिच्या हातातली उरलेली कामंही काढून घेतली. माया होती ती, पण तिचे पाय त्यानं आणखी अशक्त झाले.

(भिंतीवर आता स्टीलची दांडी. आई खुर्चीतून उठते, बसते, पुन्हा उठते.)

डोळ्याचं ऑपरेशन झालं. हा व्यायाम सकाळ-संध्याकाळ चालतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे ती स्वतः जाते, मी चार पावलं मागे. भावाचा फोनवरचा प्रश्नही बदललाय.

"आई, आज काय आणलंस?"

"मेथी. वीस सांगत होता, पंधराला घेतली."