बिशप सोमवारी दात काढतात

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या युटा राज्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाच्या दारावर पहिल्या पंधरवड्यात टकटक होतेच. दारात शेजारचं जोडपं, हातात घरी भाजलेला पाव, मागे चार-पाच पोरं. सामान उतरवायला माणसं हवीत का, मुलं कितवीत आहेत, सगळी चौकशी होते आणि निघताना विचारलं जातं, "रविवारी सभेला याल?" आपल्याला वाटतं, तोंडदेखलं म्हणाले असतील. तसं नसतं. रविवारी सकाळी ते खरंच गाडी काढून उभे राहतात.

हे शेजारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. मी सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहते. लीहाय, ड्रेपर या भागात सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या, तशी आपली माणसंही आली. मी त्यांच्या पंथातली नाही, होण्याचा विचारही नाही. पण कुणाच्या बाळाचं नाव ठेवायचं असतं, कुणाचा मुलगा दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला निघालेला असतो, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्यांच्या सभेत जाऊन बसते आणि बरंच काही बघते.

मॉर्मन म्हटलं की आपल्याकडे लोक आधी अनेक बायकांबद्दल विचारतात. ती प्रथा थांबवत असल्याचं या चर्चने १८९० साली जाहीर केलं, तेव्हा तो विषय इथेच मिटवते. शिवाय सभेत एका नवऱ्याची एक बायको आणि पाच मुलं सांभाळताना होणारी दमछाक पाहिली, की ही शंका पुन्हा कुणाच्या मनात येत नाही.

मॉर्मन हा शब्दही खरं तर त्यांना आता नको आहे. २०१८ साली त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं, आमचं पूर्ण नाव घ्या, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. त्याच्या काही वर्षं आधी याच चर्चने 'मी मॉर्मन आहे' अशी मोठी जाहिरात मोहीम चालवली होती, ही गोष्ट आता कुणी फारशी काढत नाही. मला इथे वेळ मोजून दिलेला असल्यामुळे मी मॉर्मनच म्हणणार आहे.

इतिहास थोडक्यात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. छळ झाला, स्मिथ जमावाच्या हातून मारले गेले, आणि १८४७ च्या जुलैत ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात पोचले. बैलगाड्यांतून निम्मा देश ओलांडून आलेल्या माणसांचे हे वंशज. रविवारच्या सभेला मात्र, घर दोन गल्ल्यांवर असलं तरी, दहा मिनिटं उशिरा येतात.

आता मुख्य गोष्ट. या चर्चच्या स्थानिक मंडळीत पगारी धर्मगुरू नसतो. मंडळीला ते वॉर्ड म्हणतात आणि तुमचा वॉर्ड घराच्या पत्त्यावरून ठरतो, नगरपालिकेचा ठरतो तसाच. इथली प्रवचनं रटाळ आहेत म्हणून पलीकडच्या वॉर्डात नाव घातलं, अशी सोय नाही. वॉर्डाचा प्रमुख बिशप. तोही गल्लीतलाच एक गृहस्थ, साधारण पाच वर्षांसाठी नेमलेला, बिनपगारी. आमच्या भागातले बिशप दातांचे डॉक्टर आहेत. रविवारी ते लोकांची पापं ऐकतात आणि सोमवारी त्याच लोकांचे दात काढतात. दोन्ही वेळा समोरच्याला फार बोलता येत नाही.

बाकीची कामंही अशीच वाटलेली. एके दिवशी तुम्हाला बोलावून सांगतात, उद्यापासून तुम्ही तीन वर्षांखालच्या मुलांचा वर्ग सांभाळायचा. तुम्ही हिशेबनीस असा, ट्रक चालवत असा, काही फरक पडत नाही. मग भर सभेत तुमचं नाव वाचतात आणि संमती असलेल्यांनी उजवा हात वर करावा म्हणतात. सगळे हात वर जातात. वहीत चित्रं काढणाऱ्या मुलाचा हातसुद्धा मान न उचलता वर जातो. पाठोपाठ विरोध असलेल्यांना विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या नावाकडे वळतात. नेमणुकीच्या आधी तुम्हाला ते काम येतं का, हे कुणी विचारत नाही. येईल, असं गृहीत असतं. या सभांमधली सगळी गंमत इथूनच निघते, आणि खरं सांगायचं तर सगळी मायाही.

उदाहरणार्थ भाषणं. रविवारच्या मुख्य सभेत प्रवचन देतात ते वॉर्डातलेच लोक, पाळीपाळीने. बिशपांचा सहकारी आठवडा-दोन आठवडे आधी फोन करून विषय देतो: श्रद्धा, कृतज्ञता, असलं काहीतरी. त्यामुळे जवळपास प्रत्येक भाषण या फोनच्या कथेपासून सुरू होतं. फोनवर त्यांचं नाव पाहिलं आणि पोटात गोळा कसा आला, न उचलण्याचा मोह कसा झाला, बायकोने कसं ढकललं. मग शब्दकोशात कृतज्ञतेचा अर्थ काय दिला आहे ते वाचून दाखवतात. एवढ्यात पंधरापैकी पाच मिनिटं जातात. सगळ्यात आधी बोलायला एखादा शाळकरी मुलगा असतो. त्याला पाच मिनिटं दिलेली असतात आणि तो दीड मिनिटात, एका श्वासात, 'आमेन' गाठून जागेवर पोचलेला असतो. मधला वक्ता त्याची आणि पुढच्याची, दोघांची वेळ खातो. शेवटच्याच्या हातात आठ पानं असतात आणि भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं. तो पानं उलटत असतो तेव्हा सगळी सभा त्याच्या बाजूची असते.

व्यासपीठावरचं बोलायचं मेज बटण दाबून खालीवर होतं. सहा फुटी माणसानंतर बारा वर्षांची मुलगी आली की बिशप मागून हळूच बटण दाबतात. मेज खाली जात राहतं, मोटर घुंई करत राहते, आणि तोवर सगळे अतिशय गंभीर चेहऱ्याने बसलेले असतात. मला हे कधीच जमलेलं नाही.

सभागृहाच्या मागे घडीची भिंत असते. ती सरकवली की पलीकडे चक्क बास्केटबॉलचं मैदान. उशिरा आलेली कुटुंबं तिथे घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर, बास्केटच्या खाली बसतात. या मुख्य सभेच्या वेळी लहान मुलांना वेगळी खोली नसते. तान्ह्यापासून सगळी पोरं आईबापांच्या मांडीवरच. खाली सांडलेले चीरिओज, म्हणजे न्याहारीच्या ओटच्या रिंगा, घरंगळणाऱ्या रंगीत पेन्सिली, आणि दर दहा मिनिटांनी एखादा बाप किंचाळणारं मूल काखोटीला मारून लगबगीने बाहेर निघालेला. बाहेर व्हरांड्यात सोफे असतात. काही बाप मूल शांत झाल्यावरही आत यायची घाई करत नाहीत.

या सगळ्या गलक्यात एक प्रसंग मात्र खरा शांत असतो. ब्रेड आणि पाण्याचं प्रभुभोजन. वाइन नाही, पाणी. सोळा-सतरा वर्षांची मुलं गुडघे टेकून ठरलेली प्रार्थना वाचतात. ती शब्दशः बिनचूक म्हणावी लागते. शब्द चुकला तर बिशपांची खूण होते आणि पोराला पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागते. तेव्हा आख्खा वॉर्ड श्वास रोखून त्याच्यासोबत मनातल्या मनात वाचत असतो. मग अकरा-बारा वर्षांचे मुलगे, पांढरा शर्ट, बापाचा टाय, ट्रे घेऊन रांगारांगांतून फिरतात. दानपेटी मात्र फिरत नाही. मिळकतीचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, परस्पर द्यायचा असतो. पाकिटात हात घालून बसलेला नवखा पाहुणा थोडा गोंधळतो.

बाकीच्या प्रार्थना उत्स्फूर्त असतात असं म्हणतात. पण काही वाक्यं पक्की आहेत. आज जे येऊ शकले नाहीत ते पुढच्या वेळी येवोत. आम्ही सगळे सुखरूप घरी पोचोत, आणि घर तर समोरच्या रस्त्यावर. सगळ्यात आवडतं वाक्य सभेनंतरच्या फराळाआधीचं. हे अन्न आमच्या शरीराला पोषण आणि बळ देवो, असं डोळे मिटून म्हणतात आणि समोर साखरेत घोळलेल्या डोनटांचं ताट असतं.

महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. आपल्या एकादशीसारखा साबुदाणा, रताळी, वऱ्याचे तांदूळ असला आडमार्ग त्यांनी ठेवलेला नाही, पाणीसुद्धा नाही. आणि अशा रिकाम्या पोटी माइक सगळ्यांसाठी खुला करतात. ज्याला वाटेल त्याने पुढे यावं आणि श्रद्धेची साक्ष द्यावी. चार वर्षांची मुलगी येते, आई मागे वाकून कानात एकेक वाक्य सांगते आणि ती ते माइकवर ओरडते. एखादे आजोबा कोलोरॅडोच्या सहलीचं सविस्तर वर्णन करून शेवटच्या वाक्यात देवाकडे येतात. कुणी रडतं, त्यासाठी टिश्यूचा डबा तिथे तयार असतो. आणि मग अचानक एखादी बाई उभी राहते, तिच्या मुलाच्या आजारपणाबद्दल चार वाक्यं बोलते, आणि इतका वेळ हसू दाबणारी मी खाली बघायला लागते.

बाळाचं नाव ठेवतात तेही बहुधा याच दिवशी. सात-आठ पुरुष सूटबूट घालून गोल उभे राहतात, प्रत्येकाचा एक हात बाळाखाली, आणि सगळे मिळून त्याला हलवत राहतात. बाप नाव घेतो, आशीर्वाद देतो. बाळाची आई, जिने नऊ महिने वागवलं ती, बाकावर बसून बघते. पौरोहित्याचा अधिकार फक्त पुरुषांना, आणि गोलात उभं राहायला तो लागतो. बारशाला पाळण्याभोवती बायकांचा घोळका बघत वाढलेल्या मला हे खटकतं, आणि ते मी शेजारणीला सांगितलंही आहे. तिने माझ्याकडे बघितलं, हसली नाही आणि वादही घातला नाही.

वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतरच्या गॅदरिंगसारखा, मुलांचा कार्यक्रम असतो. सगळी पोरं व्यासपीठावर. एक नाकात बोट घालून आत्मचिंतनात, एक आजीला हात हलवतोय, एकाने माइक तोंडात धरलाय. त्या दिवशी मागची घडीची भिंत पूर्ण उघडावी लागते.

खाणं सांगितल्याशिवाय या लोकांची ओळख पुरी होत नाही. कुणी गेलं की बायका बटाटा, चीज आणि क्रीमचा एक भाजलेला पदार्थ घेऊन येतात. त्याचं नावच अंत्यविधीचे बटाटे. इतका चविष्ट की कुणी न जाताही करतात. आणि जेली. हिरवीगार, कधी त्यात किसलेलं गाजर. युटाच्या विधिमंडळाने २००१ साली जेलोला, म्हणजे याच जेलीला, राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून मान्यता दिली. आपले आमदार भांडतात ते विषय मला तेव्हापासून बरे वाटायला लागले.

आता चहा. १८३३ साली जोसेफ स्मिथ यांनी आरोग्याचे नियम सांगितले, त्यात गरम पेयं वर्ज्य होती. त्याचा अर्थ चहा आणि कॉफी. थंड केलेला चहाही नाही, ग्रीन टीही नाही; गरम चॉकलेट मात्र चालतं. कोकाकोला चालतो का यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. शेवटी २०१२ साली चर्चने स्पष्ट केलं की कॅफीनवर बंदी नाही. त्यांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आवारात कॅफीनवाला कोला मिळायला २०१७ उजाडलं. आता इथे गाडीतून न उतरता सोड्यात नारळाचं सिरप आणि क्रीम घालून देणारी दुकानं चौकाचौकांत आहेत आणि सकाळी त्यांच्यापुढे रांगा लागतात. आपल्या घरी हे पाहुणे आले की पंचाईत होते, कारण आपल्याकडे पाणी दिल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं. मी कोकम सरबतावर आले आहे. उन्हाळ्यात पन्हं. थंडीत केशर घातलेलं दूध, ते गरम असून चालतं.

२०१९ च्या जानेवारीपासून रविवारचे तीन तास दोनावर आले. त्या घोषणेच्या आनंदाबद्दल इथले लोक अजून आवाज खाली आणून बोलतात. एकाच इमारतीत तीन वॉर्ड बसतात. त्यामुळे दर जानेवारीत वेळा बदलतात आणि ज्यांच्या वाट्याला दुपारी एक येतो त्यांच्या घरी वर्षभर सुतक. एक म्हणजे लहान मुलांच्या झोपेची वेळ. बिशपांच्याही.

आपला आणि यांचा संबंध तसा जुना आहे. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुण्यातही जाऊन आला. पुण्याला काही शिकवायला गेलेल्या कुठल्याही माणसाचं होतं तसंच त्याचं झालं. फार यश आलं नाही. उलट दिशेने जे आलं ते मात्र इथे रुजलं. प्रोव्होजवळ स्पॅनिश फोर्क गावात राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे आणि दर वसंतात तिथे होळीचा रंगोत्सव होतो. हजारो तरुण येतात, त्यात मोठा भरणा ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मॉर्मन मुलांचा. भांग नाही, बिअर नाही, चहासुद्धा नाही, आणि तरी 'हरे कृष्ण'च्या तालावर ही गोरी पोरं तासन्‌तास उड्या मारतात. गर्दी शनिवारी जास्त, कारण रविवारी सभा. गेल्या वर्षी त्या रविवारी प्रभुभोजनाच्या टेबलामागे प्रार्थना वाचायला बसलेल्या एका मुलाचे दोन्ही कान गडद गुलाबी होते. प्रार्थना त्याने एकाच दमात बिनचूक म्हटली. बिशपांनी मान डोलावली, आणि तिसऱ्या रांगेतून त्याची आई पर्समधला ओला रुमाल काढून त्याला खुणावत राहिली.