ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं

रात्रीचे साडेदहा. हॉलमधले लाइट बंद, खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचा निळा लाइटही बंद, आणि आपण टॉर्च घेऊन काचेसमोर उकिडवे बसलोय. निळ्या उजेडात सगळेच मासे छान दिसतात, पांढरा टॉर्च तिरका मारला की खरं काय ते कळतं. हा बघा पावडर ब्ल्यू टँग, पंखाच्या अगदी कडेला मिठाचे खडे चिकटल्यासारखे चार ठिपके. चारच.

ठिपके वेगवेगळे मोजता येतायत म्हणजे बहुतेक मरीन इक, कातडीत शिरणाऱ्या एका परजीवीचा रोग. तेच अंगभर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसलं, मासा धापा टाकत वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड घालून उभा राहिला, लाइट लागला की लपायला लागला, तर ते व्हेल्व्हेट, दुसऱ्या परजीवीचा रोग, आणि मग सकाळ व्हायची वाट बघू नका, दोन दिवसांत टँक रिकामा होऊ शकतो. निमोच्या अंगावरून चिकट साल सुटल्यागत दिसत असेल तर ब्रुकलिनेला, हा तिसराच परजीवी, त्याच्यावर कॉपर (तांब्याचं औषध) चालत नाही, फॉर्मेलिन लागतं. सगळ्याला एकच बाटली देणाऱ्या दुकानदाराला म्हणूनच लांबून नमस्कार.

आता आपले चार ठिपके. पाचव्या दिवशी गायब! घरात आनंदीआनंद, लसूण लावलेल्या खाण्याचा गुण आला म्हणे. गुण कसला, तो जीव माशाच्या कातडीत बसून पोटभर जेवला आणि खाली उतरला. वाळूत, दगडावर कवच करून बसला, आत एकाचे दोन, दोनाचे चार होत दोनशेच्या वर पिल्लं तयार होतात, साधारण 3 ते 28 दिवसांत बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. पण आपल्या टँकमध्ये मासा सापडायला कितीसा वेळ लागणार? पुढच्या खेपेला ठिपके चार नसतात, चाळीस असतात.

मग कॉपर टाकू की टँकमध्ये? अजिबात नाही. कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं जाईल आणि उरलेलं कॉपर दगड-वाळू शोषून घेतील. म्हणजे मासेच बाहेर काढायचे, आणि ते काढायला सगळे दगड उपसावे लागतात, फरशीवर पाणी, हातात जाळी, घरच्यांचे टोमणे (हा भाग कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत).

त्यांना औषध द्यायचा वेगळा हॉस्पिटल टँक साधाच, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, वाळू-दगड काही नाही. चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेलं) कॉपर असेल तर 2 ते 2.5 पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग), आयनिक (मोकळं) असेल तर 0.5 च्या आसपास, म्हणून आधी बाटली वाचा, डोस दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा, मग रोज टेस्ट किट लावून तीस दिवस तो आकडा खाली येऊ द्यायचा नाही. एकदा जरी घसरला तरी मोजणी पुन्हा एकपासून. अमोनियावर पण लक्ष, वाढला तर पाणी बदला, आणि नवीन पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून घ्या.

मोठ्या टँकमध्ये तोवर एकही मासा नाही, 76 दिवस. एवढे का, तर एका अभ्यासात कवचातून पिल्लं निघायला 72 दिवस लागलेले दिसले होते, वरचे चार आपल्या मनाच्या समाधानासाठी. पाणी गरम ठेवलं तर 45 पुरतात असंही काही जण म्हणतात, पण एकदा सगळं उपसल्यावर एवढ्यासाठी रिस्क कोण घेणार. आणि हो, इकडची जाळी तिकडे बुडवायची नाही, ओला हातसुद्धा नाही.

चाळिसाव्या दिवशी पाहुणे येतात. टँकसमोर उभे राहतात, वाकून बघतात, कोळंबी दगडावरून चालतेय तेवढीच काय ती हालचाल. "एवढं लाइट बिल भरून नुसते दगड बघता होय रे?"

छत्तीस दिवस राहिलेत.