अडखळलेला शब्द

[दृश्य: बेळगाव, हिंदवाडी. सकाळची खोली. दोन खुर्च्या थोड्या तिरक्या ठेवलेल्या. टेबलावर मोबाइलचं स्टॉपवॉच, वही, पेन.]

खिडकी. – गज.
तांदूळ. – भात.
रस्ता. – खड्डा.
वाटणी. – … काय म्हणालात?
वाटणी.
– … भाऊ.

पहिल्या तीन शब्दांना उत्तर दीड सेकंदाच्या आत आलं. चौथ्याला चार सेकंद लागले, शब्द पुन्हा विचारावा लागला आणि हात गुडघ्यावर घासला गेला. उत्तर देणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. विचारलं तर तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "नीट ऐकू आलं नाही."

आपल्यात दडलेला माणूस डोळे मिटून शोधला की बहुधा सापडत नाही. डोळे मिटल्यावर दिसतं ते आपल्याला आवडणारं आपलंच चित्र. दडलेला माणूस सापडतो तो जिथे आपण अडखळतो तिथे.

[दृश्य: जुन्या घड्याळाची यंत्रणा, जवळून.]

झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात १९०० च्या डिसेंबरात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. कार्ल गुस्ताव युंग. शब्दाला शब्द जोडण्याची चाचणी त्याच्या आधीही होती, पण तेव्हाच्या संशोधकांना उत्तरांचे प्रकार मोजायचे होते. युंगनं आणि त्याचा सहकारी रिक्लिन यानं फसलेल्या उत्तरांकडे पाहिलं. शंभर शब्दांची यादी, सेकंदाचा पाचवा भाग दाखवणारं घड्याळ, आणि उशीर होईल तिथे खूण. त्या खुणा एकत्र मांडल्या की एखाद्या दुखऱ्या विषयाभोवती गोळा झालेल्या आठवणींचा आणि भावनांचा पुंजका दिसू लागतो. त्याला त्यानं 'कॉम्प्लेक्स' म्हटलं. मराठीत आपण न्यूनगंड म्हणतो, त्यातला 'गंड' तो हाच.

ही चाचणी घरी करता येते. मात्र पद्धत पाळली नाही तर हाती काही लागत नाही.

यादी पन्नास शब्दांची पुरे. ती उत्तर देणाऱ्यानं स्वतः करू नये आणि घरच्या माणसानंही करू नये. घरच्याला नेमकं कुठे दुखतं ते ठाऊक असतं, आणि तो शब्द वाचताना त्याचाच आवाज बदलतो. पन्नासातले सदतीस-अडतीस शब्द साधे हवेत: दार, पाऊस, बस, भाकरी, चप्पल. उरलेले धारदार: वाटणी, सासर, उतारा, कर्ज, गोरा, निकाल, वडील. धारदार शब्दानंतर निदान दोन साधे शब्द ठेवायचेच, कारण धक्का लगेच ओसरत नाही. पुष्कळदा 'वाटणी'ला उत्तर झटकन येतं आणि त्यानंतरच्या निरुपद्रवी 'चमचा'पाशी माणूस थांबतो. हे माहीत नसलेला माणूस चमच्याचा अर्थ शोधत बसतो.

वाचणाऱ्यानं सगळे शब्द एकाच पट्टीत म्हणायचे. उत्तर एकाच शब्दाचं, मनात पहिलं येईल ते. वेळ धरायची ती शब्द म्हणून झाल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत. मोबाइल सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतो, पण आपलं बोट तितकं चपळ नाही. पाचव्या भागापर्यंत मोजलं तरी भागतं. पन्नास आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे आणि पंचविसाव्या-सव्विसाव्याच्या मधला आकडा धरायचा. उशीर ठरवायचा तो या आकड्याशी ताडून. सरासरी काढू नये. एक दहा सेकंदांचं उत्तर सगळी सरासरी बिघडवतं.

मग पंधरा मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं. दुसऱ्या फेरीत तेच शब्द वाचायचे आणि मघाचं उत्तर आठवून सांगायला लावायचं. जिथे उत्तर आठवत नाही किंवा वेगळंच येतं तिथे दुसरी खूण. उशीर, शब्द पुन्हा विचारणं, हसू, दिलेलाच शब्द परत म्हणणं, चुकलेली आठवण यांपैकी दोन तरी खुणा एका शब्दापाशी असतील तरच तो शब्द वहीत घ्यायचा. एका खुणेवर काहीही ठरवायचं नाही. शब्द अनोळखी असला किंवा बाहेर कुकरची शिट्टी झाली तरी उशीर होतोच.

आणि घरात पैसे हरवले म्हणून ही चाचणी कुणावर लावू नये. युंगनं चोरी शोधायलाही ती वापरून पाहिली होती. पण 'चोरी' म्हटल्यावर चोराइतकाच निरपराध माणूसही अडखळू शकतो, नुसत्या संशयाच्या भीतीनं.

[दृश्य: बेळगावचा मध्यवर्ती बसस्टँड. मराठी आणि कन्नड हाका एकात एक मिसळलेल्या.]

आपल्या भागात या चाचणीला आणखी एक पदर आहे. निपाणी, खानापूर, बेळगाव इथली पुष्कळ माणसं घरात मराठी बोलतात, कचेरीत कन्नड, आणि मुलाच्या शाळेत गेली की इंग्रजी. प्रत्येक भाषेबरोबर खांदे वेगळे होतात, आवाजाची उंची बदलते. समाजापुढे धरलेल्या या रूपाला युंग 'पर्सोना' म्हणतो, म्हणजे जुन्या नाटकातला मुखवटा. मुखवटा असणं हा दोष नाही, त्याशिवाय काउंटरवरचं काम होत नाही. घोटाळा होतो तो मुखवटा घरी आल्यावरही न उतरण्यात.

म्हणून इथे यादी दोन भाषांची करावी: पंचवीस मराठी, पंचवीस कन्नड. 'घर' आणि 'मने', 'आई' आणि 'अव्वा', दोन्ही ठेवा, पण लांब लांब. दोन भाषांच्या वेळांची एकमेकींशी तुलना मात्र करायची नाही. नंतर शिकलेल्या भाषेत उत्तराला मुळातच वेळ लागू शकतो. मराठी शब्द मराठीच्या मधल्या आकड्याशी ताडायचे, कन्नड शब्द कन्नडच्या. आणि प्रश्न एका भाषेत, उत्तर दुसऱ्या भाषेत आलं, तर तिथे ठळक खूण करायची.

[दृश्य: वहीचं पान. तीन उभे रकाने आखले जातात.]

दडलेला माणूस सापडण्याची दुसरी जागा म्हणजे चीड.

जे गुण-दोष आपण लहानपणीच 'हे मी नव्हे' म्हणून बाजूला सारले, ते जात नाहीत. युंग त्यांना छाया म्हणतो. छायेची खोड अशी, की ती स्वतःत दिसत नाही, समोरच्याच्या अंगावर दिसते. यालाच प्रक्षेपण म्हणतात.

आपल्याच मातीत बाराव्या शतकात बसवण्णांनी हे कन्नडमध्ये सांगून ठेवलंय. 'कळबेड, कोलबेड' या वचनात चोरी नको, हत्या नको, खोटं नको, राग नको एवढ्यावर ते थांबत नाहीत. पुढे येतं 'अन्यरिगे असह्यपडबेड', दुसऱ्याचा तिटकारा करू नकोस. स्वतःची स्तुती नको, समोरच्याची निंदा नको. आणि ही सगळी मिळून अंतरंगशुद्धी, हीच बहिरंगशुद्धी. तिटकाऱ्याला त्यांनी चोरी आणि हत्येच्या ओळीत बसवलं, हे पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. दुसऱ्या एका वचनात ते सरळच विचारतात: जगाचा वाकडेपणा तुम्ही का सरळ करायला जाता? आपापलं शरीर, आपापलं मन सांभाळा.

वही अशी करा. पहिल्या रकान्यात घडलेली गोष्ट, कॅमेऱ्यानं टिपावी तशी: 'जाऊबाईंनी पाहुण्यांसमोर नव्या साडीची किंमत सांगितली.' दुसऱ्यात मनात उठलेलं विशेषण: 'दिखाऊ.' तिसऱ्यात शरीराचा निरोप आणि मुदत: 'घसा आवळला, रात्रीपर्यंत तेच.' असं तीन आठवडे. मग दुसरा रकाना एकट्यानं वाचायचा. तेच विशेषण चार-पाच वेगवेगळ्या माणसांना चिकटलेलं दिसलं, तर ते त्या माणसांपेक्षा तुमच्याविषयी अधिक सांगतंय. तेव्हा विचारायचं: मला दिखाऊ व्हायची मनाई कुणी केली होती? कितव्या वर्षी?

इथे दोन चुका होतात. पहिली, माणूस लगेच स्वतःला बडवायला लागतो, 'म्हणजे मीच दिखाऊ.' तसं नाही. बहुतेक वेळा दडपलेल्या गोष्टीत एक न वापरलेली ताकद असते, इथे आपलं काम चारचौघांत मांडण्याची. दुसरी चूक जास्त घातक: प्रत्येक राग प्रक्षेपण ठरवणं. मारहाण करणाऱ्यावरचा राग, हक्क नाकारणाऱ्यावरचा राग हा राग असतो. कसोटी ही, की घटना लहान आणि राग मोठा असेल, आणि घटना संपल्यावरही राग संपत नसेल, तर वही उघडावी.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथल्या दोन्ही भाषांच्या घरांत 'ते लोक' हा शब्दप्रयोग आहे. सीमेचा न्याय-अन्याय हा खरा प्रश्न आहे आणि तो त्याच्या जागी लढवला जावा. पण दुकानातल्या अनोळखी माणसानं तोंड उघडताच त्याच्याविषयी जे सगळं 'कळतं', ते कुठून आलं, याची नोंद वहीत जरूर करावी.

[दृश्य: पहाट. उशाशी वही.]

स्वप्नांविषयी थोडक्यात. स्वप्नांची झोप साधारण दर दीड तासानं येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून पहाटेचं स्वप्न हाती लागतं. जाग आल्यावर कूस बदलू नका. हललं की ते निसटतं. वर्तमानकाळात लिहा. स्वप्नातलं माणूस कन्नड बोललं असेल तर ते वाक्य कन्नडच लिहा. साप म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे तमुक अशी कोष्टकं बाजूला ठेवा. युंगची रीत अशी, की स्वप्नातल्या एका चित्राला धरून तुम्हाला काय आठवतं ते लिहायचं आणि पुन्हा त्याच चित्राकडे यायचं. आठवणीवरून आठवणीवर घसरत लांब गेलात तर गंड सापडेल, स्वप्न हरवेल. एका स्वप्नावर काही ठरवू नका. वीसेक जमले की कोण पुन्हा पुन्हा येतंय ते दिसतं.

[दृश्य: रात्रीचं भजन. टाळ, एकतारी. चेहरे अर्धे अंधारात.]

सापडलेल्या या आतल्या माणसाशी करायचं काय?

आपल्या परंपरेत त्याच्याशी बोलण्याची सवय जुनी आहे. समर्थांचे मनाचे श्लोक २०५, आणि पुन्हा पुन्हा हाक 'मना' अशी. पण त्यात मन ऐकतं, उत्तर देत नाही. उत्तर मिळतं नाथांच्या भारुडात. वेडी बोलते, भुत्या बोलतो, विंचू चावलेला ओरडतो. अंगणात ज्याला तोंड उघडायची मुभा नाही, त्याला नाथांनी सोंग देऊन मधोमध उभं केलं. युंगनं १९१३ पासून स्वतःवर करून पाहिलेली सक्रिय कल्पना या भारुडाच्या फार जवळची आहे: आतली व्यक्ती समोर आणायची, तिला प्रश्न विचारायचा, आणि तिचं उत्तर न सुधारता लिहायचं.

बैठक वीस मिनिटांची, गजर लावून. आठवड्यातून दोनदा, रोज नाही. प्रश्न काळ्या शाईनं, उत्तर निळ्या. उत्तर फार गोड, फार शहाणं येऊ लागलं तर समजा की तुम्हीच दोन्ही बाजूंनी बोलताय. खरं उत्तर बहुधा आखूड आणि जरा खरखरीत असतं. आणि ते ऐकलंच पाहिजे, पण मानलंच पाहिजे असं नाही. 'सोडून दे सगळं' असं आतून आलं, तर त्याला विचारायचं, 'सगळं म्हणजे काय काय?' शेवटी पाय जमिनीवर टेकवून हातानं काहीतरी काम करायचं, भांडी, केर, झाडांना पाणी.

विंचवाच्या भारुडात अखेरीस काय होतं पाहा. सत्त्वाचा उतारा दिला, तमोगुण मागे सारला, तरी 'किंचित राहिली फुणफुण'; ती शांत करतात ते नाथांचे गुरू जनार्दन. युंगच्या मते मात्र गंड नाहीसा होत नाही. त्याची पकड ढिली होते.

ज्यांना झोप लागत नाही, कानात आवाज येतात, मनोविकाराची औषधं चालू आहेत, किंवा ज्यांच्यावर पूर्वी अत्याचार झालेत, त्यांनी ही बैठक एकट्यानं करू नये. घरात कुणाच्या अंगात येत असेल तर त्या माणसावर हे प्रयोग करू नयेत. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.

[दृश्य: सोलापूर–विजापूर रेल्वेमार्गावरचं निंबाळ. माळरान, सायंकाळ.]

नामस्मरणाचा इंचगेरी संप्रदाय याच पट्ट्यातला, मराठी आणि कन्नड पदं एकाच बैठकीत म्हणणारा. जमखंडीला जन्मलेले, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले गुरुदेव रा. द. रानडे याच परंपरेतले. हिंदवाडीत त्यांच्या नावाचं मंदिर आहे. महाराष्ट्राच्या संतांवरच्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी तुकोबांच्या तळमळीच्या काळाला स्पेनच्या संत योहानाचा शब्द लावला: आत्म्याची काळोखी रात्र. नामाला बसलं की लगेच शांती मिळते, असं इथे कुणी सांगत नाही. आधी 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' येतो, आतही आणि बाहेरही.

नवा साधक इथेच फसतो. चार महिने नेम बरा चालतो, मग बसल्या बसल्या जुना अपमान, मेलेल्या वडिलांवरचा राग, शेजारणीविषयीची लाज वर येते. एक जण माळ जोरात ओढून ते दाबतो आणि घरात जास्तच तापट होतो. दुसरा म्हणतो, 'मला आता राग येतच नाही', आणि घरातल्यांना मात्र तो रोज दिसतो. तिसरा नाम सोडून त्या चेहऱ्याच्या मागे जातो, आणि तास संपतो तेव्हा फक्त भांडण झालेलं असतं.

चेहरा आला तर येऊ द्यायचा, नाम चालू ठेवायचं. तो किती वेळ थांबतो तेवढं लक्षात ठेवायचं. वहीत एक ओळ लिहायची, ती माळ पूर्ण झाल्यावरच. मधेच वही उघडली, तर दुसऱ्या दिवसापासून मन वहीसाठी चेहरे आणू लागतं.

[दृश्य: मणी सरकवणारी बोटं. आवाज तेवढा. काळोख.]