साडेपाचच्या आत

सर फिरोजशहा मेहता रोड, फोर्ट, मुंबई. ऑफिसं सुटायची वेळ. जिना उतरणाऱ्या या पावलांचा आवाज जरा कान देऊन ऐका. जानेवारी १९६८ मध्ये असाच आवाज सुरू झाला, की जॉर्ज हॅरिसनला रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. खाली ऑफिसं, वर एचएमव्हीचा स्टुडिओ. साडेपाच वाजले की काम बंद.

इंग्लंडच्या बीटल्स बँडचा हा गिटारवादक तेव्हा २४ वर्षांचा होता. लिव्हरपूलच्या बस ड्रायव्हरचा मुलगा. बँडची बहुतेक गाणी लेनन-मॅकार्टनी यांची. जॉर्जच्या वाट्याला मोजकीच यायची. १९६५ मध्ये त्यानं बीटल्सच्या गाण्यात सतार वाजवली आणि पुढच्याच वर्षी रविशंकरांकडे शिकायला मुंबई गाठली. ताजमध्ये उतरला, पण लोकांनी ओळखलंच. शेवटी गुरुशिष्य काश्मीरला गेले.

आता तो काम घेऊन आला होता: 'वंडरवॉल' चित्रपटाचं संगीत. लंडनमध्ये पडद्यासमोर चावीचं स्टॉपवॉच घेऊन बसून त्यानं प्रसंगांची लांबी मोजून ठेवली होती. पण या स्टुडिओत रेकॉर्डिंगचं यंत्र मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर! मग एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र थेट कलकत्त्याहून आगगाडीनं आणवलं. दोनच ट्रॅक. एक वाद्य चुकलं, तर तेवढंच पुसून पुन्हा घेता येणार नाही. वाजवणारेही तसेच लागणार. आशिष खान यांचा सरोद, शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. हॅरिसनची कारकीर्द सांगताना ही नावं तळटीपेत ढकलली जातात, हे बरोबर नाही.

कारण त्याच आठवड्यात, त्याच खोलीत बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीतही मुद्रित झालं. शब्द 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथावर आधारलेले. जॉर्ज लंडनला परतून नुसता गायला. यातलं एकही वाद्य त्याचं नाही. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या तबकडीच्या, मागच्या बाजूला निघालं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हे हॅरिसनचं पहिलं गाणं, आणि त्यातली सगळी वाद्यं मुंबईत वाजलेली!

१९७० मध्ये बीटल्स फुटले. जॉर्जचा तीन तबकड्यांचा अल्बम आला, १९७१ मध्ये रविशंकरांसोबत बांगलादेशासाठी न्यूयॉर्कला मैफल झाली. २००१ मध्ये तो गेला.

ही 'वंडरवॉल'ची तबकडी. आवाज थोडा वाढवूया. वाद्यांच्या मागे बारीक ऐकू येतायत त्या फोर्टातल्या टॅक्स्या.