आधी सॅग मोजा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ट्रॅक डे: सस्पेन्शन आणि रायडिंग’. रायडिंगकडे येतो, पण आधी एक तक्रार. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नाहीतर कोइंबतूरच्या कारीला, रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायला जायचं ठरलं, की आपला सोलापूरचा गडी गॅरेज गाठतो आणि म्हणतो, “मागचा शॉक फुल टाईट कर बे!” अहो, कडक असावी ती आपली भाकरी. (हशा)

आणि मुळात त्यानं शॉक कडक होतच नाही. सी-स्पॅनरनं कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारी कडी फिरवली की वाढतं ते प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीपासूनच असलेला दाब. स्प्रिंग ९० न्यूटन प्रति मिलिमीटरची असेल, तर कॉलर कुठंही ठेवा, ती आणखी एक मिलिमीटर दाबायला ९० न्यूटनच लागणार. बदलते ती गाडीची उंची. बसल्यावर कडक लागतं, कारण प्रीलोडाइतका भार पडेपर्यंत शॉक जागचा हलत नाही. पण उंची वाढून चाकाला खाली जायला जागाच उरली नाही, तर जोरात ब्रेक लावल्यावर हलकं झालेलं मागचं चाक रस्ता सोडतं आणि टप्पे खातं. मग दोष टायरला!

म्हणून सॅग, म्हणजे वजनानं सस्पेन्शन किती दबतं, ते मोजा. तीन माणसं आणि एक टेप, एवढंच लागतं. मागच्या ॲक्सलपासून सरळ वर टेलवर, म्हणजे सीटमागच्या भागावर, चिकटपट्टीची खूण करा आणि तिथपर्यंतचं अंतर मोजा. पहिलं माप चाक पूर्ण लोंबकळत असताना घ्यायचं. इथं हमखास घोटाळा होतो. पॅडॉक स्टँड स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा उचलतो, म्हणजे चाक हवेत दिसलं तरी शॉक दबलेलाच असतो. गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचं चाक उचला. दुसरं माप गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. तिसरं रायडर बसून, पाय फूटपेगवर ठेवून, आणि तेही सूट, बूट, हेल्मेट घालून; बनियनवर नव्हे. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. ट्रॅकसाठी ३० ते ३५ मिलिमीटर ठीक. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग, तो मागे ५ ते १० हवा. आता गंमत बघा: रायडर सॅग बरोबर आला, पण फ्री सॅग शून्य, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. ती बदला, कॉलर पिळत बसू नका. लोक नेमकं उलटं समजतात.

पुढच्या फोर्कला केबल टाय बांधा. सेशननंतर तो अगदी टोकाला सरकलेला दिसला, तर फोर्क बॉटम होतोय, म्हणजे पूर्ण दबून आपटतोय.

रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडतानाचा रोध: स्क्रू पूर्ण बंद करून उलटे क्लिक मोजा, वहीत लिहा. सीट दाबून सोडली की वर येऊन एकदाच थांबावी. रिबाउंड जास्त झाला तर ओळीनं खड्डे आल्यावर शॉक उघडायला वेळच मिळत नाही. गाडी मागे बसत जाते आणि वळणातून बाहेर पडताना रुंद जाते. एका वेळी एकच बदल, दोन क्लिकचा. कॉम्प्रेशन, म्हणजे दबतानाचा रोध, सगळ्यात शेवटी.

संयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, रायडिंग. ढुंगण ब्रेकच्या आधीच हलवा, ब्रेक मारताना नाही. बाहेरचा गुडघा टाकीला घट्ट, हात ढिले. पुढचा ब्रेक आधी हलका, फोर्क बसला की जोरात, आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत एपेक्सपर्यंत, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूपर्यंत. एकदम सोडलात तर फोर्क उसळतो, पुढचा भाग उंचावतो, गाडी वळायला नाखूश होते. नजर एपेक्सवर, तो गाठायच्या आधीच पुढच्या बाहेर पडायच्या जागेवर. गाडी उभी होत जाईल तसा थ्रॉटल उघडा.

कॉर्नरच्या मध्येच घाबरून थ्रॉटल बंद करण्यावर बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरात विचारा. टायरची हवा मात्र पिटमध्ये आल्याआल्या, टायर गरम असतानाच मोजा. चहा पिऊन आल्यावर मोजलेला आकडा कामाचा नाही.