दाखला निघाला, आता फाईल परत उघडा

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कपाटात एक फाईल असणार. मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी जातपडताळणीसाठी धावपळ करून जमवलेली. आजोबांच्या शाळेचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ. अनुसूचित जातीच्या घरांनी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा शोधला, भटक्या-विमुक्तांनी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, ओबीसींनी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. कागद सापडला, दाखला निघाला, फाईल कपाटात गेली. ती परत उघडा आणि त्यातून आपल्या घराण्याचा इतिहास शोधा, हे सांगायला मी आज उभा आहे.

शाळेचा उतारा घ्या. आपण त्यात जातीचा रकाना बघितला आणि झेरॉक्स काढली. शेजारी जन्मस्थळाचा रकाना आहे, पलीकडे शाळा सोडल्याची तारीख आणि कारण आहे. 'परगावी गेला' एवढंच लिहिलेलं असतं. पण साल जर 1972-73 असेल, तर त्या दोन शब्दांमागे दुष्काळ उभा आहे, हे सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: तेव्हा कुठे गेलो होतो आपण? खडी फोडायला कोण जात होतं? सुकडी कुणी आणायचं?

सोलापूर हे बाहेरून आलेल्यांचं गाव. 1877 साली जुनी गिरणी उभी राहिली आणि पोटापाठी माणसं येत गेली. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांचं मूळ तेलंगणात, करीमनगर-वरंगळकडे निघतं. कुणी विजापूर-कलबुर्गीकडचे, कुणी बार्शी-मोहोळच्या खेड्यांतले. म्हणून इथल्या माणसाचा शोध महापालिकेच्या नोंदीपाशी अडतो. पुढे जायचं तर हद्द ओलांडावी लागते, आणि हद्दीपलीकडे कागदाची भाषाच बदलते. आज तासाभरात गाठता येणारं नळदुर्ग आणि तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिथले जुने कागद उर्दूत मिळतात, साल फसली, म्हणजे निजामी महसुली कालगणनेचं असतं. फसली सालात 590 मिळवा, इसवी सन हाती येतो. 1357 फसली म्हणजे 1947-48. इकडे इंग्रजी मुलखात जुनी दफ्तरं मोडी लिपीत. अक्कलकोट वेगळं संस्थान, ते 1948 साली मुंबई राज्यात आलं. वाचणारा मिळेपर्यंत कागदाचा नीट फोटो काढून ठेवा. फोटोत समास आणि शिक्के यायला हवेत, नुसतं आपलं नाव नको.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक नोंद कुणीतरी, कशासाठी तरी लिहिलेली असते. इथल्या सेटलमेंटमध्ये इंग्रज सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं आणि त्यांची हजेरी घेतली, ती गुन्हेगार जमाती कायद्याखाली. 31 ऑगस्ट 1952 ला ती माणसं विमुक्त झाली. त्यांच्या नातवंडांना आज आजोबांचं नाव सापडतं ते पोलिसांच्या भाषेत. तो कागद जपून ठेवा, पण त्यातला शिक्का आजोबांना लावू नका. त्यांची ओळख घरातल्या आठवणींतून लिहा, त्यांच्या हातातल्या कसबातून लिहा.

कागदाआधीची सोय म्हणजे हेळवी, घराण्याच्या पिढ्या सांगणारे फिरते वंशावळकार. आपल्याकडे लिंगायत आणि इतर बऱ्याच घरांचे हेळवी ठरलेले असतात. सुगी झाली की काही वर्षांच्या अंतराने येतात, उंबऱ्याशी बसून पिढ्या म्हणतात, नव्या मुलांची नावं वहीत चढवतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातात. हल्ली त्यांना दारातूनच वाटेला लावणारी घरं मी बघतो, तेव्हा जीव तुटतो. त्यांना बसवा, चहा द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. त्र्यंबकेश्वरला आजोबा कधी गेले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतही गाव आणि आडनावावरून नोंद निघते.

आणि बायका? वंशावळीत बहुतेक ठिकाणी त्या नसतातच. वरून खाली पुरुषांची शिडी. आजीचं माहेरचं नाव विचारलं तर घरात एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यासाठी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद काढा. 1956 च्या वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत मुलींची नावं येऊ लागली. पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोड असते: अमुक हिने भावाच्या लाभात आपला हिस्सा सोडला, खाली अंगठा. कित्येक आत्यांचं नाव घरच्या कागदावर पहिल्यांदा येतं ते हिस्सा सुटायच्या थोडं आधी. ती नोंद वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं. पण त्यातच तिच्या नवऱ्याचं नाव असतं, बऱ्याचदा सासरचं गावही. त्या गावी जा. तिच्या मुलांना-नातवंडांना भेटा, आपल्या घराबद्दल ती काय सांगायची ते विचारा, आणि वंशावळीत तिच्या नावापुढे तिचीही शाखा काढा.